डॉक्टर साळू आणि वांझ सिंहासन

एका जंगलात, मुलांनो, शलाका नावाची एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, नाकावर चष्मा आणि नावामागे चार पदव्या.

बाळं का होतात, याचा जंगलात कुणी विचार करत नसे. होतात म्हणून होतात. पण काहींना ती होत नाहीत. ती का होत नाहीत, हा शलाकाचा विषय. तिने तो निवडला तेव्हा तिची म्हातारी गुरू, घोरपडबाई, कळवळून म्हणाली, "अगं, दातांचं काहीतरी घे. दात सगळ्यांना असतात, आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलता येतं."

शलाकाने ऐकलं नाही. चौदा वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. टिटवीची न फुटलेली अंडी तिने तपासली. मूल नाही म्हणून झुरणाऱ्या हरिणींची गाऱ्हाणी ऐकली. टिपणं काढायला ती स्वतःचाच काटा उपटून घेई. चौदा वर्षांत पाठीवर एक टक्कल पडलं आणि हाती एक साधी गोष्ट लागली. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करावी. कारण पुष्कळदा अडचण नराकडे असते.

तिने दवाखान्यावर पाटी लावली : 'तपासणीला दोघांनी यावे.'

दुसऱ्या दिवसापासून दोघं येऊ लागली. बायको आणि सासू.

त्या जंगलाचा राजा होता सिंह गर्जनसेन. त्याला मूल नव्हतं. त्यापायी त्याने दोन राण्यांना वांझ ठरवून नदीपार हाकललं होतं. आता तिसरी राणी होती, केतकी. तिच्या लग्नालाही तीन वर्षं झाली होती, आणि पलीकडच्या तीरावर तिसरी गुहा झाडून ठेवायचा हुकूम सुटला होता.

एके सकाळी राजाचा प्रधान तरस शलाकाकडे आला.

"डॉक्टरबाई, येत्या पौर्णिमेपर्यंत राणीसाहेबांमधला दोष शोधून द्या."

"आणि दोष नसला तर?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या," तरस हसून म्हणाला. "सापडेल."

शलाकाने राणीला तपासलं. तीनदा तपासलं. राणीची प्रकृती ठणठणीत होती. मग शलाकाने धीर करून राजवाड्यावर एक छोटी बाटली पाठवली. मुलांनो, त्या बाटलीचं काय करायचं असतं ते तुम्ही मोठे झालात की कळेल. तूर्त एवढंच समजा की बाटली रिकामी गेली आणि परत आली ती पालखीतून, ताशे वाजवत. वाटेत हरणांनी तिला मुजरे केले.

शलाकाने थेंब काचेवर घेतला आणि पाहिलं. चांगल्या तब्येतीच्या नराचं बीज असं पोहतं, जसे पावसाळ्यातले बेडूकमासे. राजाच्या थेंबात मोजून नऊ होते आणि त्यातला एकही पोहत नव्हता. सगळे दरबार भरल्यासारखे बसून होते.

तिने अहवाल लिहिला. प्रधानाने तो वाचला. त्याच्या मिशा थरथरल्या.

"राजा आणि दोष हे शब्द एका ओळीत लिहायला बंदी आहे."

"मग दोन ओळींत लिहू?"

"डॉक्टरबाई, दोष तुमच्या यंत्रात आहे."

लगेच यंत्राला अटक झाली. सूक्ष्मदर्शकाला अकरा दिवस उपाशी ठेवलं. सकाळ-संध्याकाळ कडुलिंबाचा काढा पाजला. बाराव्या दिवशी शलाकाने पुन्हा त्यातून पाहिलं. काचेला काढ्याचा वास येत होता. बाकी नऊच्या नऊ जण तसेच बसलेले होते.

शलाका तशी हट्टीच. हे असे का बसलेत, हा प्रश्न तिला जेवू देईना. म्हणून ती दरबारात जाऊन एका कोपऱ्यात उभी राहिली आणि दिवसभर राजाकडे बघत राहिली.

राजाचं सिंहासन म्हणजे काळ्या कातळाचा एक मोठा दगड होता. वर छत नाही, झाड नाही. राजा सूर्योदयाला त्यावर बसे तो सूर्यास्ताला उठे. जेवणही तिथेच. मध्ये उठायची त्याला भीती वाटे, कारण आधीचा राजा पाणी प्यायला म्हणून उठला होता आणि परत येऊन बघतो तर तिथे गर्जनसेन बसलेला.

भर दुपारी राजाने जांभई दिली. ती संधी साधून शलाकाने दगडाला पंजा लावला. चटका बसला. पंजाला फोड आला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नराच्या बीजाला गारवा लागतो. हे महाराज तर अकरा वर्षं तव्यावर बसलेत!

आनंदाच्या भरात ती दरबाराच्या मधोमध धावली आणि ओरडली, "महाराज, सापडलं! सिंहासनावरून उठा! तीन महिने उठा, बाळ होईल!"

हत्तीने सोंड खाली घेतली.

"उठा?" राजा हळूच म्हणाला. "मी उठू? आणि बसणार कोण? तू?"

"राजद्रोह!" प्रधान किंचाळला.

शिक्षा लगेच ठरली. पौर्णिमेला डॉक्टर साळूचे सगळे काटे एकेक करून उपटायचे आणि त्याच दिवशी राणीला नदीपार धाडायचं.

शलाकाला बाभळीच्या कुंपणात कोंडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, राजा दगडावर असताना, राणी केतकी तिला भेटायला आली.

"खरं सांगा डॉक्टर, माझ्यात काही दोष आहे का?"

"तिळमात्र नाही, राणीसाहेब. मी तसं लिहून दिलं होतं. प्रधानांनी फाडलं."

राणी म्हणाली, "बाई, तुम्ही शहाण्या आहात, पण बोलता वेड्यासारखं. मी तीन वर्षं यांच्याबरोबर संसार केलाय. यांना 'तुमचं चुकलं' म्हणायचं नसतं. गुहेत शिरताना डोकं आपटलं तर मी म्हणते, गुहेचं चुकलं. तुम्हीही तसंच म्हणा."

"म्हणजे खोटं लिहू?"

"तुमच्या काट्यांचं मला काही नाही," राणी म्हणाली, "पण मला त्या तिसऱ्या गुहेत जायचं नाहीये."

शलाकाचे काटे खडखडले. चौदा वर्षांत तिने एक ओळही खोटी लिहिली नव्हती. चुकलेला आकडासुद्धा ती नीट खोडून, शेजारी सही करून लिहायची. त्या दुपारी तिने एक काटा उपटला. तो नेहमीपेक्षा जास्त दुखला. मग तिने नवा अहवाल लिहिला :

'महाराज निर्दोष. राणीसाहेब निर्दोष. सिंहासन वांझ आहे. त्यास तीन महिने थंड पाण्यात विश्रांती द्यावी.'

राणीने नेलेला अहवाल राजाने दोनदा वाचून घेतला. त्याचे डोळे भरून आले.

"मला शंका होतीच," तो म्हणाला. "बरेच दिवस हा दगड मला काही बरा दिसत नव्हता."

दोन्ही शिक्षा तिथल्या तिथे रद्द झाल्या आणि बारा हत्तींनी सिंहासन उचलून नदीच्या डोहात ठेवलं. राजाने दुसऱ्या कशावर बसणं कायद्यात बसत नव्हतं. त्यामुळे गर्जनसेन तीन महिने उभाच राहिला, नाहीतर सिंहासनाची तब्येत विचारत नदीकाठच्या जांभळींच्या सावलीत हिंडत राहिला. सिंहासन डोहात असल्यामुळे त्यावर दुसरं कुणी बसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याची झोपही सुधारली.

पुढे यथावकाश राणी केतकीला तीन छावे झाले.

जंगलात नगारे वाजले. सिंहासनाला हार घातले, बारशाचं पहिलं आमंत्रणही त्यालाच. डॉक्टर साळूला शाल मिळाली, पण ती काट्यांत अडकून फाटली.

"माग, काय हवं ते माग!" राजा म्हणाला.

"महाराज," शलाका म्हणाली, "दोष सिंहासनात होता हे आता सिद्ध झालं. मग नदीपारच्या दोघी राण्यांना परत बोलवा."

राजा विचारात पडला. "त्या कधी सिंहासनावर बसल्या होत्या का?"

"नाही, महाराज."

"मग त्यांचा काय संबंध?"

शलाका घरी आली. तिने दार लावून खरा निबंध लिहिला, उष्णता आणि नराचं बीज यावरचा, आकडे-पुराव्यांसकट, आणि तो राज्याच्या ग्रंथालयात ठेवला. वाळवीने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अगदी आवडीने संपवला. दुसरा वाचक त्याला मिळाला नाही.

इकडे दवाखान्यापुढे रांग लागली. यंदा नर स्वतः येत होते. रानडुक्कर, कोल्हा, सांबर, सगळे. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापल्या घरचा दगड.

"डॉक्टरबाई, आमच्याही दगडात दोष दिसतोय हो," रानडुक्कर म्हणाला. त्याची बायको मागे उभी राहून पायाच्या नखाने माती उकरत होती.

शलाकाने त्याच्या दगडाची नाडी पाहिली. त्याला उलटा करून पाहिलं. "याला रोज डोहात ठेवायचं. आणि तुम्ही याच्याजवळ पाण्यात उभं राहायचं, नाहीतर याला करमणार नाही."

"आणि हिला काही औषध?"

"हिला काही झालेलं नाही."

डुकरिणीने मान वर केली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्याबद्दल कुणी नवऱ्यासमोर बोललं नव्हतं. तिने दगड नवऱ्याच्या डोक्यावर नीट ठेवून दिला आणि त्याच्या पुढे चालू लागली.

शलाकाने चष्मा पुसला आणि हाक मारली, "पुढचा दगड!"

तात्पर्य : नराच्या ठायी दोष असूच शकत नाही, फार तर तो बसतो त्या दगडात असू शकतो. म्हणून ज्यांना विज्ञानाची आणि स्वतःच्या काट्यांची काळजी आहे, त्यांनी नेहमी दगड तपासावा.