सासरे, मी आणि तलावाकाठची सोपी वाट

पुस्तकांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये! तुम्ही लोक पुस्तकं वाचता. मी ती उसवतो, साफ करतो, शिवतो आणि पुन्हा आपल्या पायावर उभी करतो. वाचनालयाच्या तळमजल्यावर माझी बाइंडिंगची खोली आहे. तिथून बाहेर पडलेलं पुस्तक पुन्हा फाटलं तर वाचकाला धरा, मला नाही. आता ही पुस्तकं मी वाचतो का, असं विचाराल तर नाही. वेळ कुणाला आहे?

तर एक दिवस माझ्या टेबलावर आलं आमच्या भागातल्या पायवाटांचं पुस्तक. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशा सगळ्या वाटा त्यात दिलेल्या. कुठली सोपी, कुठली अवघड, बाक कुठे, सावली कुठे, सगळं. लोकांनी ते इतकं वापरलं होतं की शिवण सुटून फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, वेगळे झाले होते. कडा तर कुरतडल्यासारख्या. मी त्या कटिंग मशीनवर झक्कपैकी सरळ कापल्या. त्यात पानांचे आकडेही गेले, पण आकड्यांवाचून कुणाचं अडलंय? फर्मे मी ओळींवरून लावले. एका फर्म्याचं शेवटचं वाक्य अर्धवट सुटलं की त्याला शोभेल असा पुढच्या फर्म्याचा पहिला शब्द शोधायचा. सगळे कसे चपखल बसले! वर हिरवा कापडी पुठ्ठा चढवला आणि ते पुस्तक स्वतःच्याच नावावर घेऊन घरी आलो. कारण घरी सासरे होते.

सासरे म्हणजे निवृत्त बसचालक. जन्मभर घाटातून बस चालवली, पण हृदयाचं ऑपरेशन झालं आणि माणूस पार खचला. बायकोने त्यांना आमच्याकडे आणलं. ऑपरेशन उत्तम झालंय, आता रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासरे चालायचे ते पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. एक हात कायम छातीवर. आत ठोके पडताहेत ना, याची दर मिनिटाला खात्री. खाली गेटपर्यंत चला म्हटलं तरी चेहरा पांढरा पडायचा. "वाटेत बंद पडलं तर?" एवढंच एकदा म्हणाले. त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून रडली. पुढची तपासणी जवळ आली होती, आणि हे असेच बसून राहिले तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मी छाती पुढे काढून जाहीर केलं की रविवारी मी बाबांना फिरवून आणतो. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो होतो. मग मी पुस्तक उघडलं. पहिलीच वाट तलावाकाठची. 'अत्यंत सोपी. वयस्करांसाठी योग्य. चढ नाही.' सासऱ्यांनी खिडकीजवळूनच विचारलं, बाकं कुठे आहेत तेही लिहिलंय का? लिहिलं होतं. मग म्हणाले, येतो. मात्र एका अटीवर. सगळा रस्ता एकदम सांगायचा नाही, छातीत धस्स होतं. एक थांबा आला की पुढचा थांबा वाचायचा. बसमध्ये असंच असतं म्हणे.

बायकोची रविवारी परीक्षेची ड्यूटी होती, शाळेत. निघताना तिने माझा दंड घट्ट धरला. "चढ नको. पायरीसुद्धा नको. ऐकताय ना?"

"अगं, पुस्तक आहे," मी म्हणालो.

सुरुवात तर अशी झाली की मला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. तलावाचा बांध, बांधावर झाडं, झाडांखाली बरोबर पुस्तकात सांगितलेल्या जागी बाक. सासरे बसले, पाणी प्यायले, हात छातीवर. मी पुढचा थांबा वाचला. पुढचा बाकही जागच्या जागी! सासऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. पुस्तक लिहिणारा माणूस वक्तशीर दिसतो, असं म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

मग लाकडी पूल आला. मी वाचलं, 'पूल ओलांडताच डावीकडे' आणि पान उलटलं. 'कुंपणाची फट लागेल. तिच्यातून वाकून आत जावे. समोर लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकानेच चढावे. खाली पाहू नये.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मनातल्या मनात.

"शिडी?" सासरे म्हणाले.

"छोटीशी असेल," मी म्हणालो. "सोपी वाट आहे ना, शिडीही सोपीच असणार."

गंमत बघा, डावीकडे कुंपण होतं. कुंपणाला फटही होती. शेजारी 'आत येण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी होती. सासऱ्यांनी पुस्तकात पाटीचं काही लिहिलंय का विचारलं. मी नाही म्हणालो. मग ती पाटी आपल्यासाठी नसणार, असा त्यांनी निकाल दिला आणि वाकून आत शिरले. मी मागोमाग. आत गवत, जाड जाड पाइप आणि एक उंच चौकोनी इमारत. तिच्या भिंतीला लोखंडी शिडी! इतकी तंतोतंत की मला पुस्तकाच्या पाया पडावंसं वाटलं. पण शिडी काही छोटीशी नव्हती. मान मागे टाकली तरी टोक दिसेना.

इथे मात्र माझी पाचावर धारण बसली. बायको म्हणाली होती पायरीसुद्धा नको, आणि ही तर नुसत्या पायऱ्यांचीच बनलेली! मी म्हणालो, बाबा, आपण परत फिरू, खूप झालं. सासरे शिडीकडे बघत उभे होते. घाटात समोर ट्रक अडकला की ते असेच बघत असणार. अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवायची सवय नाही, एवढं बोलून त्यांनी छातीवरचा हात काढला. त्या हाताने शिडी धरली आणि चढायला लागले.

मी काय करणार? ओरडावं तर दचकून हात सुटेल. खाली ओढावं तर दोघंही पडू. मी पुस्तक पँटमध्ये खोचलं आणि एका वेळी एकानेच चढावे हा नियम धाब्यावर बसवून मागे लागलो. म्हटलं, पडले तर निदान माझ्यावर पडतील. मऊ आहे मी. वरून सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याहून मोठ्याने माझा. डोळ्यांसमोर बायको, डॉक्टर, नातेवाईक सगळे रांगेने उभे राहिले, आणि कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं.

वर सपाट गच्ची होती. सासरे कडेला जाऊन उभे राहिले. मी चार पायांवर मधोमध पोचलो, डोळे मिटून पुस्तक काढलं आणि एक डोळा उघडून पुढचा थांबा वाचला. 'पठारावर वाऱ्यापासून जपावे. उतरण्यासाठी मागच्या घळीत दोर बांधावा. नवख्यांनी या वाटेला येऊ नये.'

दोर! वयस्करांना! मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. मग पानांच्या मधला तो दोरा दिसला. माझाच दोरा. माझीच सुबक शिवण. तिच्या या बाजूला तलाव होता आणि त्या बाजूला भलताच कुठलातरी कडा. सगळ्यात सोप्या वाटेला मी स्वतःच्या हातांनी सगळ्यात अवघड वाट शिवली होती! आणि ज्याच्यावर आम्ही बसलो होतो ते पठारबिठार काही नव्हतं, ती शहराची पाण्याची टाकी होती.

मान वर केली तर सासऱ्यांचा हात पुन्हा छातीवर.

"बाबा, दुखतंय का? बसा. खाली बसा."

"चष्मा शोधतोय," ते खिसा चाचपत म्हणाले. "तो बघा आपला जुना डेपो. इथून दिसतो हे माहीतच नव्हतं."

तेवढ्यात खालून आरडाओरडा सुरू झाला. पंपचालक डबा खाता खाता बाहेर आला होता. शहराच्या पाण्यावर चढून बसलेली दोन माणसं बघून त्याचा घास घशातच अडकला असावा. खाली या नाहीतर पोलिसांना फोन करतो, म्हणाला. सासऱ्यांनी त्याला हात केला आणि सावकाश, एकेक पाय टेकवत, उतरून गेले सुद्धा. पंपचालकाशी बोलायलाही लागले.

मी मात्र कडेपर्यंत सरकलो, पुस्तकाचा सल्ला विसरून खाली पाहिलं आणि जागच्या जागी थिजलो. हात म्हणाले आम्ही सोडणार नाही. पाय म्हणाले आम्ही टाकणार नाही. खाली सल्लामसलत झाली. पंपचालक दोर शोधायला निघाला, म्हणजे पुस्तकातली तेवढी राहिलेली गोष्टही खरी होण्याची चिन्हं दिसू लागली. सासऱ्यांनी त्याला थांबवलं. शिडीखाली येऊन उभे राहिले आणि डेपोत बस मागे घेताना देतात तसा आवाज दिला.

"येऊ द्या. येऊ द्या. डावा पाय खाली. अजून. लागला? आता उजवा. घाई नाही, मागे कुणी नाही. येऊ द्या."

असा मी रिव्हर्समध्ये उतरलो. जमिनीला पाय लागले तेव्हा सासऱ्यांनी मला मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. पंपचालकाने आधी दोघांना पोटभर शिव्या घातल्या, मग माझा चेहरा बघून खुर्ची दिली आणि पाणी दिलं. खुर्ची एकच होती. ती मला मिळाली.

घरी काही बोलायचं नाही असं मी वाटेत ठरवलं होतं. सासऱ्यांनी तसं काहीच ठरवलेलं नव्हतं. बायको दारातच भेटली आणि त्यांनी चपला काढता काढता शिडीपासून टाकीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीत मावतो का ते बघत होतो. मग तिने वडिलांचा हात धरून विचारलं, "बाबा, भीती नाही वाटली?"

"वाटली ना," सासरे म्हणाले. "हे पडले असते तर? माझ्या छातीचं तर मी विसरूनच गेलो."

बायको तिथेच खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. या वेळी नळबिळ काही नाही, सगळ्यांसमोर. मग हसायला लागली, मग पुन्हा रडली. माझा जीव भांड्यात पडला. इतका हलका मी लग्न ठरलं तेव्हाही झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पुस्तक उसवलं आणि फर्मे नीट लावले. या वेळी सगळं पुस्तक वाचून. चांगलं आहे हो, वाचण्यासारखं!

सासरे तेव्हापासून रोज गेटाबाहेर चालून येऊ लागले. तपासणीला आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी कागद बघितले, सासऱ्यांकडे बघितलं आणि हा चमत्कार कसा झाला ते विचारलं. सासऱ्यांनी शिडी जरा उंच करून सांगितली. डॉक्टर शिडीवरून रागावले, चालण्यावरून खूश झाले. मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले की सपाट वाटा चालू ठेवा, आणि सोबत यांनाच न्या. असा घाबरट माणूस बरोबर असला की पेशंटचं स्वतःकडे लक्ष जात नाही.

सासऱ्यांच्या दोन गोळ्या त्यांनी बंद केल्या. मला मात्र चालू ठेवलंय. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी.