टोप्यांच्या खोक्याचं वजन

“सातशे किलोच्या वर या गाडीत काडी जाणार नाही, आणि सातशेच्या आत बाबांचं अख्खं दुकान जाईल. एकाच खेपेत!”

ताईने हे सकाळीच जाहीर केलं. ताईच्या हिशेबावर घरात कोणी बोलत नसे. शाळेत गणिताचे पेपर तपासून तपासून तिची नजर अशी झाली होती, की समोर आलेला माणूसही तिला बेरीज चुकवून आल्यासारखाच दिसायचा.

बाबा पुस्तकबांधणी करायचे. आता बाबा नव्हते, आणि दुकानाची किल्ली संध्याकाळी मालकाला परत द्यायची होती. ताईला बाकी कशाचं फारसं पडलेलं नव्हतं. तिला प्रेस हवा होता. शिवून, सरस लावून झालेली पुस्तकं ज्याखाली रात्रभर दाबून ठेवत, तो लोखंडी प्रेस. वर मोठं चाक, खाली जाड पाटी आणि एका पायावर ओतीव अक्षरांत त्याचं वजन : एकशे ऐंशी किलो.

“ताई, पण तू त्याचं करणार काय?” धाकट्या भावाने विचारलं होतं.

“ठेवणार.”

“आणि?”

“आणि काही नाही. ठेवणार!”

धाकटा सुतळी शोधायला गेला.

प्रेसचं वजन माहीत होतं. प्रश्न राहिला खोक्यांचा. पुठ्ठे, कागद, अवजारं आणि लोकांनी बांधायला देऊन न्यायला न आलेली पुस्तकं. सगळी मिळून तीस खोकी. ताईने घरचा वजनकाटा आणला, माणसाने वर उभं राहायचा तो. त्यावर खोकं ठेवलं की आकडाच झाकला जाई. तेव्हा ताई खोकं पोटाशी धरून स्वतः काट्यावर चढे, धाकटा गुडघ्यावर बसून आकडा वाची, आणि ताई त्यातून आपलं वजन वजा करून खोक्यावर खडूने लिही. तिचं वजन बासष्ट. कित्येक वर्षं बासष्ट. ते तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं, त्यामुळे रिकाम्या हाताने पुन्हा काट्यावर उभं राहण्यात वेळ घालवायचं काही कारण नव्हतं.

खोकी उचलताना तिचं घड्याळ सारखं घसरत कोपरापाशी जात होतं.

“पट्टा नीट आवळ ना,” आत्या म्हणाली.

“शेवटच्या भोकात आहे. हल्ली पट्टेच सैल बनवतात. सगळी फसवाफसवी!”

एकच खोकं जरा विचित्र वागलं. केसांना सरस लागू नये म्हणून बाबा काम करताना लोकरीची टोपी घालत. त्या टोप्यांचं खोकं आत्याने भरलं होतं. ते घेऊन ताई काट्यावर चढली.

“साठ!” धाकटा म्हणाला.

“नीट बघ.”

“साठच आहे.”

साठातून बासष्ट जात नाहीत. ताईने काट्याला बारीक डोळे करून पाहिलं. “काटा आळसावलाय,” ती म्हणाली, “आणि टोप्यांचं वजन ते काय असणार!” तिने खोक्यावर शून्य लिहिलं. आत्या तेवढ्यात घाईघाईने पाणी प्यायला गेली.

खोकी आणि प्रेस मिळून बेरीज आली सहाशे पन्नास. पन्नास किलो हाताशी राखून! ताईने खडू झटकला तो अशा थाटात, की समोर वर्ग असता तर उठून उभा राहिला असता.

एवढ्यात गाडी आली. छोटा पिकअप होता. ड्रायव्हर उतरला, त्याने प्रेसकडे पाहिलं, मग दारात सकाळपासून घुटमळणाऱ्या भंगारवाल्याकडे पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांना मान डोलावली. झालं! ताईच्या डोक्यात दिवा लागला. हे दोघे आतून मिळालेले आहेत.

“दादा, तुमची ओळख आहे वाटतं?”

“कोणाशी?”

“त्यांच्याशी.”

“नाही बुवा. मान डोलावली त्यांनी, म्हणून मीही डोलावली. तुम्ही डोलावा, तुम्हालाही डोलावतो!”

इतकं गुळगुळीत उत्तर प्रामाणिक माणूस देत नाही, असं ताईचं मत पडलं.

माल भरताना तर ती हौद्यातच उभी राहिली. ड्रायव्हरला सगळं मागच्या फाळक्यापाशी रचायचं होतं, उतरवायला सोपं म्हणून. “अजिबात नाही! जड सामान केबिनला टेकून, मधोमध. मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. खोकी दोन्ही बाजूंना सारखी. जड खाली, हलकी वर.”

“ताई, मी गाडी चालवतो.”

“म्हणूनच सांगतेय.”

शेजारच्या दुकानातले दोघे आले. फळी आणि नळ्यांवरून सरकवत प्रेस चढवला, दोरांनी चारही बाजूंनी आवळला. एकेक खोकं चढू लागलं तशी गाडी मागून खाली खाली बसू लागली. जेवणानंतर आरामखुर्चीत बसणाऱ्या सासऱ्यांसारखी. शेवटच्या खोक्याला तर तिने चक्क उसासा टाकला.

ड्रायव्हर चाकाशी वाकला. “स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले! ताई, जास्त झालंय. असं करू, एक ते मशीन उतरवू, बाकी सगळं आरामात जाईल.”

दारात भंगारवाला सरसावून उभा राहिला.

ताईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “सहाशे पन्नास किलो आहे. मी स्वतः वजन केलंय. गाडीत आधीच काहीतरी असणार. सीट उचला!”

“अहो, सीटखाली काय असणार?”

“तेच बघायचंय.”

सीटखाली जॅक निघाला, पाना निघाला, आणि एक भरलेलं पोतं निघालं.

“हे काय?”

“बटाटे. घरी न्यायचेत. बायकोने सांगितलेत.”

“बघ!” ताई धाकट्याकडे वळली. “बटाटे!” ती हे अशा आवाजात म्हणाली, की ड्रायव्हरने आपोआप हात वर केले. पोतं धाकट्याच्या स्कूटरवर गेलं. गाडी तसूभरही वर आली नाही. मग ताईने स्टेपनी ठोकून पाहिली, ताडपत्री झटकायला लावली, आणि शेवटी आत्याला बाजूला घेतलं.

“आत्या, तू काही घुसवलं नाहीस ना?”

“मी?” आत्याने छातीवर हात ठेवला. “मी काय घुसवणार गं? सख्ख्या आत्यावर संशय! तुझा बाप असता तर...”

ताईने ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

“मशीन उतरवायचं का मग?” ड्रायव्हरने विचारलं.

“नाही! कोपऱ्यावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर चला. होऊन जाऊ दे!”

गाडी माणसाच्या चालीने निघाली. आत्या नि ताई पुढे, मागून स्कूटरवर धाकटा आणि बटाटे. रस्त्यात बारीकसा खड्डा आला तरी ड्रायव्हर “आई गं!” म्हणे, जणू पाटे त्याच्याच कमरेतले होते.

वजनकाट्यावर सगळे खाली उतरले. काटेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, दारावर रंगवलेलं रिकाम्या गाडीचं वजन वाचलं, वजाबाकी केली आणि ओरडला, “माल आठशे साठ!”

“किती?”

“आठशे साठ. उतरवा, नाहीतर पाटा तुटेल. पुलाच्या चढावर तुटला तर पुढचं तुम्हीच बघा.”

“ऐकलंत?” ड्रायव्हर म्हणाला. “आता ते मशीन...”

“थांबा!” ताईचा आवाज चढला. तिने पाहिलं, की ड्रायव्हरने काटेवाल्याला हात केला होता. म्हणजे तिघे! भंगारवाला, ड्रायव्हर, काटेवाला. अख्खी साखळी! बाबांच्या प्रेसवर एवढे लोक टपून बसले असतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. “हा काटा खोटा आहे.”

काटेवाल्याच्या चहाचा घोट अर्ध्यावर राहिला. “बाई, या काट्यावर सगळ्या गावचे ट्रक येतात.”

“तो छोटा काटा कसला आहे?”

“पोती मोजायचा.”

“धाकट्या, खोकी काढ!”

पहिल्या खोक्यावर खडूने पंधरा लिहिलं होतं. काटा म्हणाला बावीस. दुसऱ्यावर बारा. काटा म्हणाला एकोणीस. तिसऱ्यावर अठरा, काटा पंचवीस. ताईचे डोळे चमकले.

“सात! दरवेळी सात! खरी चूक अशी शिस्तीत होत नाही. हा काटा कोणीतरी सातने पुढे सरकवून ठेवलाय!”

“ताई,” धाकटा हळूच म्हणाला, “घरी जाऊ या का?”

“सिद्ध करून दाखवते. माझं वजन बासष्ट आहे. आता मी उभी राहते. आला एकोणसत्तर, की मी यांना सोडत नाही!”

चपला काढून ती काट्यावर चढली. ड्रायव्हर आला, आत्या आली, मागच्या ट्रकवरचा क्लीनरही उतरून आला. आकडे थोडे थरथरले आणि थांबले.

पंचावन्न.

ताईने आकड्याकडे पाहिलं. मग काटेवाल्याकडे. त्याने दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले, की मी कशालाही हात लावलेला नाही. तिने केस मागे सारायला हात उचलला, तसं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे गेलं. या वेळी तिने पट्ट्याला काही म्हटलं नाही.

बासष्टातून पंचावन्न गेले, सात. आणि ते सात तिने तीसही वेळा फुकट वजा केले होते! सात गुणिले तीस. दोनशे दहा. सहाशे पन्नास अधिक दोनशे दहा. उत्तर तिला लगेच आलं.

“तू बाबांपाशी दवाखान्यात बसायचीस, तेव्हा तुझा डबा यायचा,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “तो तसाच परत जायचा. मी बघत होते. तुला कोण सांगणार पण!”

ताई काट्यावरच उभी. धाकटा बटाट्यांच्या पोत्याच्या गाठीशी खेळत राहिला. मग शांतपणे तीच म्हणाली, “काटा बरोबर आहे. खोकी प्रत्येकी सात किलोने जड आहेत. मी हलकी झालेय, ते मला माहीत नव्हतं.”

ड्रायव्हरला हा हिशेब पचायला वेळ लागला. पचला तसा तो उसळला. “म्हणजे वाळलात तुम्ही, आणि बसली माझी गाडी?”

मागच्या क्लीनरला हसू आवरेना. आत्याने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो आपल्या ट्रकमागे दिसेनासा झाला.

“बाई, आता उतरा,” काटेवाला म्हणाला, पण आवाज मऊ होता. “मागे लाइन लागलीय. शेड रिकामी आहे, हवी तेवढी खोकी ठेवा तिथे. दुसरी खेप करा.”

“मशीन मग...” ड्रायव्हरने सवयीने सुरुवात केली आणि ताईकडे बघून वाक्य बदललं. “मशीन राहू दे. बांधलंय चांगलं. मधोमध.”

ताईने मान खाली घालून चपला घातल्या. “तुमचे बटाटे पुन्हा सीटखाली ठेवा, दादा. ते मी धरेन हिशेबात.”

खोकी उतरू लागली, तर ताई प्रत्येक खोकं काट्यावर ठेवूनच शेडमध्ये जाऊ देईना. आता संशय फक्त एकाच माणसावर उरला होता, आणि तो माणूस तिच्याच चपलांमध्ये उभा होता. जुना आकडा पुसायचा, नवा लिहायचा. बेरीज सातशेच्या आत आली, तरी तिचे हात थांबले नाहीत. तेवढ्यात तिच्यापुढे ते शून्यवालं खोकं आलं.

“ते राहू दे गं,” आत्या म्हणाली. “टोप्याच तर आहेत.”

ताईने ते काट्यावर ठेवलं.

पाच किलो.

टोप्या? पाच किलो? विझलेला संशय भप्पकन पेटला! ताईने हळूहळू मान वळवली. आत्या आभाळाकडे बघत होती, जणू तिकडे कोणी ओळखीचं राहत होतं.

ताईने झाकण थोडं उचललं. वर चार टोप्या, त्यांखाली एक लाकडी मूठ, मुठीखाली काळं लोखंड. ती कोळशाची जुनी इस्त्री. पुस्तकांची दुमडलेली पानं बाबा तिने सरळ करत. कोमट करायची, मध्ये फडकं धरायचं आणि अगदी हलक्या हाताने फिरवायची. सकाळी ताईनेच बजावलं होतं, ही भंगारात, उगाच वजन नको.

एका टोपीच्या काठाला सरस वाळून कडक झाला होता. ताईने तो बोटाने जरा चाचपला आणि झाकण लावलं.

“दमट हवेने,” आत्या आभाळाकडेच बघत म्हणाली, “लोकर जड होते म्हणतात.”

“हो,” ताई म्हणाली. “होते.”

शून्य पुसून तिने पाच लिहिलं. खोकं शेडमध्ये गेलं नाही. ती ते मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली. शेडच्या राखणीला धाकटा राहिला, पण त्याआधी आत्याने त्याला फाटकावरच्या केळीवाल्याकडे पिटाळून डझनभर केळी आणवली होती. तिने एक सोलून ताईच्या हातात दिलं. ते संपायच्या आत दुसरं सोललं. ताईने एकदा त्या केळ्याकडे संशयाने पाहिलं, मग तेही खाल्लं.

तिसरं सोलायला घेतलं, तेव्हा ड्रायव्हरने किल्लीवरचा हात काढला.

“आत्याबाई, बेताने भरा हं,” तो म्हणाला. “पाटे आत्ताशी कुठे वर आलेत!”