सात किलो दोनशे

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, केडगावच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चांगुणाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "शेवगावची गाडी बघितली का मी विस्टफुल होते."

सहादेवरावांची खारी चहात पडली. ती काढायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यांची सून रुपाली इंग्रजीची शिक्षिका. तिने घरात रोज एका इंग्रजी शब्दाची पद्धत पाडली होती. सकाळी शब्द सांगायचा आणि चहा संपायच्या आत प्रत्येकाने तो वापरून एक वाक्य करायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे. खोटं वाक्य ध्यानात राहत नाही, असं तिचं म्हणणं. सहादेवरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बत्तीस वर्षं शुगर फॅक्टरीच्या काट्यावर ऊस तोललाय. इंग्रजी शब्द काय उसाच्या ट्रॉलीपेक्षा जड असतोय व्हय?"

आजचा शब्द रुपालीने नीट फोड करून सांगितला होता. "विस्टफुल म्हणजे उदास, पण पुरतं उदास नाही. जे हातचं गेलं, किंवा हाती आलंच नाही, त्याची गोड हुरहूर. कुणी वारलं तर हा शब्द वापरायचा नाही, ते दुःख. गॅस संपला तर नाही, ती चिडचिड."

मुलगा रविराज म्हणाला, "लग्नाआधी विकलेली बुलेट आठवली की मी विस्टफुल होतो." रुपालीने त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. मग सासूबाईंची पाळी आली आणि शेवगावची गाडी निघाली.

"शेवगावात कोण..." सहादेवराव बोलू लागले.

"आबा, नियम," रुपाली म्हणाली.

नियम असा: वाक्याचं स्पष्टीकरण मागायचं नाही. तो खुद्द सहादेवरावांनीच करून घेतला होता. महिन्यापूर्वी 'गिल्टी' हा शब्द आला, तेव्हा ते भोळेपणाने बोलून गेले, "तांब्याचं भांडं बघितलं की मला गिल्टी वाटतं." चांगुणाबाईंनी मान वर केली. त्या तोंड उघडणार, एवढ्यात सहादेवरावांनी नियम मांडला आणि मंजूरही करून टाकला. त्याला कारण होतं. गावाकडून केडगावला बिऱ्हाड आणताना बायकोच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ त्यांनी भंगारात घातलं होतं. आंघोळीच्या पाण्याचं ते धूड फ्लॅटच्या बाथरूममध्ये मावणार नव्हतं. घरी मात्र सांगितलं, टेम्पोतून पडलं.

आता तोच नियम त्यांच्या गळ्यात आला होता. लग्नाआधी चांगुणाबाईंना पाहायला शेवगावच्या भांड्यांच्या दुकानदाराचं स्थळ आलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. वैजनाथ त्याचं नाव. ते का मोडलं, हे मात्र एकेचाळीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. रोज अकरा-वीसला पुणे-शेवगाव गाडी खालून जाते आणि नेमकी त्याच वेळी बायको कपडे वाळत घालते, हे त्यांच्या आजच ध्यानात आलं.

दुपारी त्यांनी रुपालीला गाठलं. "सूनबाई, नुसतं शब्दाबद्दल विचारतो. त्या हुरहुरीत गोड किती आणि कडू किती?"

"तसं माप नसतं, आबा."

"माप न्हाई असं काही असतंय व्हय?"

शुक्रवारी चांगुणाबाईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली. "शेवगावला जाऊन येते."

"काय काम काढलं?"

"आबा, हे स्पष्टीकरणात येतं," रुपाली स्वयंपाकघरातून म्हणाली.

सहादेवराव त्याच गाडीत मागच्या दाराने चढले, तोंडाला रुमाल बांधून. कंडक्टर म्हणाला, "काका, मागं कशाला? पुढं काकूंशेजारी जागा हाय की."

चांगुणाबाई मागे न वळता म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना मागूनच बरं दिसतं."

शेवगावात त्या सरळ भांड्यांच्या दुकानात शिरल्या. सहादेवराव समोरच्या रसवंतीआड उभे राहिले. गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचा माणूस होता. तो काही बोलला आणि चांगुणाबाई हसल्या. असं हसणं घरी दिवाळीतसुद्धा होत नसे.

"दाजी, उन्हात का उभे? या की आत," मिशीवाल्याने हाक मारली.

दाजी. म्हणजे बहीण मानतो. सहादेवराव निम्मे हलके होऊन आत गेले. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. "या दाजी," मिशीवाला त्यालाही म्हणाला.

"वैजनाथराव," चांगुणाबाई म्हणाल्या, "आमच्या वडलांनी घेतलेलं घंगाळ इथलंच. ते टेम्पोतून पडलं. तसंच दुसरं पाहिजे."

सहादेवरावांच्या छातीवरून ट्रॉली उतरली. हुरहूर घंगाळाची होती तर. वैजनाथरावांनी नवं घंगाळ काट्यावर ठेवलं. "सहा किलो नऊशे."

काटा दिसला आणि बत्तीस वर्षांची सवय आपोआप बोलली. "जुनं सात दोनशे भरलं हुतं."

दुसऱ्या गिऱ्हाइकाने हातातली कळशी खाली ठेवली.

"कुठं भरलं हुतं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

सहादेवरावांच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा काटा आला.

"असू द्या," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "विचारायचं न्हाई. नियम हाय. आता उचला."

परतीच्या गाडीत सहादेवराव घंगाळ मांडीवर घेऊन केडगावपर्यंत बसले. मांड्यांना रग लागली, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. वाटेत एकदा त्यांनी धीर केला. "म्हणजे ते विस्टफुल... घंगाळाचंच ना?"

"तुमी गिल्टीचं सांगा, मी विस्टफुलचं सांगते."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

घंगाळ खरोखरच बाथरूममध्ये मावलं नाही. सध्या ते बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली आहे. शनिवारी अकरा-वीसला पुणे-शेवगाव गाडी खालून गेली. चांगुणाबाई घंगाळाला वळसा घालून कठड्याशी आल्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिकडे पाहत राहिल्या.