संयुक्त निरीक्षणाखालील कुत्रा

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना वाटेत एक ओढा लागे. पाऊस झाला तर त्यात पाणी असे; एरवी नुसती सरहद्द असे. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाची मोगलाई. दोन्ही काठांवर एकेक नाका होता आणि दोन नाक्यांत मिळून एक कुत्रा होता. अलीकडचा हवालदार शरणप्पा त्याला टायगर म्हणे, पलीकडचे शिपाई शेरू म्हणत. तो दोन्ही नावांना शेपूट हलवी आणि दोन्हीकडची भाकरी खाई. दोन सरकारांमधले याहून जुने सहकार्य त्या भागात दुसरे नव्हते.

पुढे प्लेग आला. आपण कोणत्या मुलखाचे हे न सांगताच त्याने दोन्हीकडची माणसे नेली, ही गोष्ट दोन्ही सरकारांच्या मनाला लागली. म्हणून 'सरहद्द आरोग्य सहकार्य समिती' स्थापन झाली. तीत अलीकडून सॅनिटरी इन्स्पेक्टर कडबगावकर होते आणि पलीकडून तिथल्या आरोग्यखात्याचे मोहतमीम मोहियुद्दीनसाहेब.

"रोग सरहद्द मानत नाही," कडबगावकर पहिल्याच बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. "म्हणून ती आपणच अधिक काटेकोरपणे मानली पाहिजे."

त्यानुसार करार झाला. एका मुलखाचे जनावर दुसऱ्या मुलखाच्या माणसाला चावल्यास लस जनावराच्या मुलखाने द्यावी, असे त्यात एक कलम होते. सह्या झाल्या, चहा झाला आणि पुढच्याच बाजारच्या दिवशी टायगर ऊर्फ शेरू बिरदेव धनगराला चावला.

बिरदेव अलीकडचा. पलीकडच्या एका पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायला निघाला होता. कळप ओढ्यात उतरला, कुत्रा मेंढरांवर धावला, बिरदेव आडवा गेला आणि पोटरीचा लचका गेला. त्याची बायको मायाक्का पाण्याची घागर आणि हळदीची पुरचुंडी घेऊन खाली बसली, तोच शरणप्पा आला.

"ए बाई, धुऊ नगं. त्यो पुरावा हाय."

"पुरावा कशाचा? पाय हाय त्यो."

"मघापत्तर पाय व्हता. आता करारात गेला. दोनी सायबांनी दाताच्या खुणा बघितल्याबिगर हात लावायचा न्हाय. आन् हितनं हलायचं बी न्हाय. हललात तर मेंढरं कोंडवाड्यात."

मेंढरे हेच बिरदेवाचे घर होते. तो ओढ्यात बसून राहिला.

साहेब आले तेव्हा खुणांवर माश्या बसलेल्या होत्या. पहिला प्रश्न अर्थातच कुत्रा कोणाचा, हा निघाला.

"आपल्या वळखीचा न्हाय सायब," शरणप्पा म्हणाला. कुत्र्याने त्या वेळी हनुवटी त्याच्या बुटावर टेकवलेली होती.

"पागल कुत्ता हमारे मुल्क का कैसा होता जी?" मोहतमीम म्हणाले. "हमारे इधर सेहत का पूरा बंदोबस्त है."

कडबगावकर शास्त्रीय वृत्तीचे होते. ज्याची भाकरी खाईल त्याचा कुत्रा, अशी त्यांनी कसोटी सुचवली. एक भाकरी बार्शीच्या ज्वारीची, एक मोगलाईतल्या ज्वारीची. कुत्र्याने दोन्ही खाल्ल्या आणि कोरड्यास काय आहे म्हणून समितीकडे पाहिले. मग तो ओढ्याच्या बरोबर मध्यावर आडवा झाला. दात पलीकडच्या हद्दीत येतात, असा मुद्दा कडबगावकरांनी काढला. मोहतमीम तो मान्य करण्याच्या बेतात होते, तेवढ्यात कुत्र्याने कूस बदलली.

शेवटी मध्यम मार्ग निघाला. पिसाळलेला कुत्रा दहा दिवसांच्या आत मरतो, असे शास्त्र आहे. तेव्हा त्याला संयुक्त निरीक्षणाखाली ठेवावे. मेला तर पिसाळलेला, आणि मग तो कोणाचाच नव्हता असे ठरवता येईल. मात्र हयगयीने मेला तर शास्त्राची फसगत होईल, म्हणून त्याची प्रकृती जपणे दोन्ही सरकारांचे कर्तव्य ठरले. ओढ्यात मांडव पडला. अलीकडून दूध येऊ लागले, पलीकडून खिमा. सकाळी कडबगावकर नाडी बघत, संध्याकाळी मोहतमीम. नाडी नेमकी कुठे असते यावर मतभेद होता, पण तो मैत्रीपूर्ण होता.

मांडवाच्या बाहेर, उन्हात, बिरदेव होता. पाय सुजून वरवंट्यासारखा झाला होता.

"सायब, पायाला वास माराय लागलाय," मायाक्का म्हणाली. "सोलापूरच्या दवाखान्यात न्हेऊ द्या की."

"बाई, करारात निरीक्षण जनावराचे आहे," कडबगावकरांनी समजावले. "माणसाचे कलम पुढच्या बैठकीत घेऊ."

"मग ह्यास्नी बी कुत्रं म्हणून लिवून घ्या. दूध तरी मिळंल."

"तसे करता येत नाही. ते कोणाला चावलेले नाहीत."

"चावायला लावतीस व्हय ग मला?" बिरदेव पडल्या पडल्या म्हणाला. त्याला ताप होता, पण जीभ अजून शाबूत होती. "कुणाला चावू ते तरी सांग. हितं समदी कातडी जाड हायती."

ही गोष्ट समितीच्या कानावर घालण्यात आली नाही.

अशात मुंबईहून लस आली. कुत्र्याचा मुलूख ठरेपर्यंत ती बिरदेवाला देणे म्हणजे कुत्रा आपला असल्याची कबुलीच होती. पण ठेवून वाया घालवणेही बरे नव्हे. कुत्र्याने कडबगावकरांचा हात चाटला होता. मोहतमिमांचा जोडा चाटला होता. शरणप्पाला तर त्याने लहानपणापासूनच चाटले होते. खबरदारी म्हणून सर्वांनी पोटात सुया टोचून घेतल्या आणि सरकारी कामात माणसाला काय काय सोसावे लागते, यावर दोन्ही बाजूंचे प्रथमच एकमत झाले. लस तिथेच संपली.

मुदत संपली, कुत्रा मेला नाही. उलट त्याच्या अंगावर तेज आले. इतका निरोगी कुत्रा दोन्ही मुलखांत कुणी पाहिलेला नव्हता.

"टायगर आमच्याच नाक्याचा," कडबगावकर म्हणाले. "अलीकडच्या आरोग्यव्यवस्थेचे हे फळ आहे."

"शेरू हमारा बच्चा है जी," मोहतमिमांनी कुत्र्याला जवळ ओढले. "खिमा किसका खाया?"

वाद मिटवण्यासाठी सोलापुरात संयुक्त सत्कार ठरला. गिरण्यांचे भोंगे झाल्यावर सभा भरली. कुत्र्याला दोन हार घातले; एक त्याने खाल्ला. पिसाळून मेलेले इसम, शून्य, असा अहवाल वाचला गेला तेव्हा टाळ्या थांबेनात.

निरीक्षण उठल्यावर दवाखान्यात पोचलेला आणि त्याच सकाळी तिथून सुटलेला बिरदेव मायाक्काच्या खांद्यावर हात टाकून दाराशी आला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापला होता. कुत्रा पिसाळलेला नव्हताच. नुसती जखम सडली होती, आणि सडणे करारात नव्हते.

"आत जागा न्हाय," शरणप्पा हळू आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, "मेंढरं हायती न्हवं समदी?"

"हायती," मायाक्का म्हणाली. "त्येंच्यामागं चालाय माणूस न्हाय."

एवढ्यात कुत्रा व्यासपीठावरून उतरला, बिरदेवापाशी आला, त्याला हुंगले आणि शेपूट हलवली. चावणारा व चावलेला यांच्यात सलोखा झाल्याची नोंद तत्काळ घेण्यात आली.

त्या कुत्र्याची हकीकत आजही सोलापुरात लोक आवडीने ऐकतात. दोन नावे, दूध, खिमा, खाल्लेला हार, सगळे त्यांना पाठ होते. तुम्हालाही झाले असेल. बिरदेवाचा पाय डावा गेला की उजवा, हे मात्र वर कुठेही आलेले नाही. अजून तरी ते कुणी विचारलेले नाही, तुम्हीसुद्धा.