भावजींचा न वाजणारा रस्ता

लग्नाच्या मांडवात लोक नवरा-नवरीच्या हातात पाकीट देतात. आमचे भावजीही देतात. फक्त त्यांच्या पाकिटातून रस्ता निघतो. वहीचा एक कागद, चार घड्या घातलेला, आणि त्यावर निळ्या पेनानं ओढलेली वाकडीतिकडी रेघ. रत्नागिरीला सुरू होते, गुहागरला संपते. रेघेच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच शब्द, समुद्र. आणि तळाशी सूचना : "सायकलने जावे. हायवेने जाऊ नये."

आता मला सांगा, आमच्या मुरुम गावच्या किराणा दुकानदाराची पोरगी, आणि नवरा असा की जिना चढला तरी धापा टाकतो. ही दोघं लग्न झाल्या झाल्या कोकणात सायकल मारत हिंडणार आहेत का? दुसऱ्या दिवशी पोरीची आई तो कागद घेऊन माझ्या दारात उभी.

"मावशी, ह्यो काय आहेर म्हणायचा का चेष्टा?"

मी तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर भावजींना फैलावर घेतलं. ते ओसरीवर सायकलची साखळी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "चांगला रस्ता हाय, वैनी. अजिबात वाजत न्हाय."

रघुनाथ भावजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. सगळी नोकरी पोस्टमन म्हणून काढली, मुरुमात आणि आजूबाजूच्या खेड्यांत, सायकलवर. नवरा गेल्यावर घरात मी, माझा मुलगा दत्ता आणि हे. रिटायर झाले तेव्हा वाटलं, आता तरी ती सायकल भिंतीला टेकेल. कसलं काय! पहिल्याच हिवाळ्यात सायकल एसटीच्या टपावर टाकली, सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरले आणि आठ दिवस समुद्राच्या कडेनं हिंडून आले. तेव्हापासून दर वर्षी तेच. कंडक्टर म्हणतात टपावर सायकल घेत नाही. हे म्हणतात, तिचं तिकीट फाडा. मग अर्धा तास स्टँडवर भांडण, आणि सगळं गाव मला येऊन सांगतं.

त्यांच्या लेखी जगात रस्ते दोनच प्रकारचे. वाजणारा आणि न वाजणारा. सायकल चालवताना आपल्याच साखळीचा आवाज आपल्याला आला, तर रस्ता न वाजणारा. नाही आला, तर त्या रस्त्याला त्यांच्याकडं किंमत नाही. कोणी कोकणात निघालं की हे वाटेत गाठतात. "हायवेनं जाऊ नगा. जयगडला होडीत सायकल घाला, पल्याड तवसाळला उतरा. माणूस दिसणार न्हाय." अहो, माणूस दिसणार नाही अशा ठिकाणी लोकांनी बायकापोरांना घेऊन का जावं? एका मास्तरांनी हौसेनं अजून माहिती विचारली, तर ह्यांचा पहिला प्रश्न, "कुत्र्याला भिता का?" मास्तर परत फिरकले नाहीत.

सरावाचा ताप तर वेगळाच. मुरुमात समुद्र कुठून आणायचा? म्हणून हे गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर सायकल चालवतात. पण पाणी डाव्या हातालाच पाहिजे. बांधानं जाऊन बांधानं परत आलं तर येताना पाणी उजवीकडं येतं. ते चालत नाही. म्हणून सगळ्या तलावाला वळसा घालायचा, आणि बांध संपला की लोकांच्या तुरीतून सायकल काढायची. त्या शेताचा मालक आला तेव्हा मी दळण निवडत होते.

"काकू, तुमच्या पोस्टमनला आवरा. माझी तूर तुडवून चाललाय."

"भावजी, खरं का हे?"

"सवय मोडाय नको, वैनी. तिकडं जाताना पाणी डावीकडं असतंय."

"आन येताना वो?" शेतकऱ्यानं विचारलं.

"येताना एसटीनं येतो."

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मी काय सांगणार? त्याला म्हणाले, बांधाला काट्या लाव. त्यानं लावल्या. आठवड्यात ह्यांची दोन चाकं पंक्चर. मला बरं वाटलं.

आणि कोकणातून येताना आणतात काय? काजू नाही, आंबापोळी नाही. कुठल्या तरी जुन्या डब्यात आमसुलं. आमच्याकडं आमटीत चिंच पडते. मी काय करू त्या आमसुलांचं? कुणी दिली विचारलं की म्हणतात, "रस्त्यात मिळाली." आमसुलं काय रस्त्यात पडलेली असतात?

ह्या वर्षी मात्र गोष्ट हद्दीच्या बाहेर गेली. निघायला पंधरा दिवस होते. तलावावर काट्या, म्हणून हे सरावाला नळदुर्गच्या बाजूला हायवेवर गेले. सगळ्या जगाला हायवेनं जाऊ नका सांगणारा माणूस! एक ट्रक घासून गेला. हे सायकलीसकट खड्ड्यात. ढाब्यावरच्या लोकांनी उचलून घरी आणून सोडलं. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता आणि हे मला म्हणतात, "सायकलला काय झालं न्हाय, वैनी."

दत्तानं त्याच दिवशी सायकल खांबाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडं दिली. "आई, काकांनी कितीबी मागितली तरी द्यायची न्हाय. तिकडं अनोळखी मुलखात कुठं पडले तर आपल्याला कोण कळवणार?" बरोबरच बोलला. मी किल्ली कनवटीला खोचली.

गुडघ्याची सूज उतरली, तसे भावजी मागे लागले. सकाळी चहाला, "वैनी, किल्ली." जेवताना, "वैनी, किल्ली." मी सरळ सांगितलं, "सत्तरीला आलात. तिकडं मेलात तर मी काय समुद्र उपसत बसू? किल्ली मिळणार नाही." त्यावर त्यांनी जेवणच निम्मं केलं. बोलणं बंद. ओसरीवर बसून नुसते त्या बांधलेल्या सायकलीकडं बघायचे. मला त्याचाही राग आला. घरात माणसं असताना माणसानं सायकलीसाठी एवढं झुरावं?

त्यांची एक वही आहे, तिकडच्या रस्त्याची. कायम पिशवीत. एका दुपारी ते दवाखान्यात पट्टी बदलायला गेले आणि पिशवी खुंटीलाच राहिली. मी वही काढली. सरळ सांगते, चुलीत घालायला काढली. म्हटलं वही गेली की खूळ जाईल. पण घालायच्या आधी बघावं तरी, ह्या समुद्रात असं काय आहे की ज्याच्यापायी माणूस जिवावर उदार होतो. चष्मा लावून बसले.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, "समुद्र : डावीकडे." बस. पुढं सगळ्या वहीत समुद्राचं नाव नाही.

पुढं होती घरं. पोस्टमन आपल्या वाटपाची लिहितो तशी, क्रमानं.

"मालगुंडच्या पुढे, फणसाखालचे घर. म्हातारी, एकटी. घंटी वाजवू नये, दचकते. अंगणातून हाक मारावी. मोठ्याने बोलावे."

"तवसाळ, धक्क्यावरून चढून दुसरे घर. तिची धाकटी बहीण. मध्ये खाडी, दोघींना जाणे-येणे होत नाही. थोरलीचा निरोप : गुडघा बरा आहे, काळजी करू नको. (खोटे आहे. बरा नाही.) धाकटीने आमसुले दिली."

"हेदवी. रिटायर मास्तर. चारनंतर जावे. गेल्या वेळी ओळखले नाही. आपले नाव सांगावे. वाईट वाटून घेऊ नये."

"वेळणेश्वरच्या अलीकडे, निळे दार. कुलूप. मुलगा मुंबईला घेऊन गेला असे शेजारी म्हणतात. पत्ता मिळाला नाही." खाली वेगळ्या शाईनं, पुढच्या वर्षीचं असावं, "पुन्हा विचारले. मिळाला नाही."

अशी पानंच्या पानं. मी चूल पेटवलीच नाही.

भावजी परत आले, तशी वही त्यांच्यासमोर आपटली. "समुद्र बघायला जातो म्हणून आम्हाला सांगता आणि ही लोकांची दारं हुडकत फिरता?"

चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "समुद्र बी बघतो की. जाता जाता."

"फोन नाहीत का त्या लोकांकडं?"

"हायेत. थोरलीला फोनवर ऐकू येत न्हाय आन धाकटी फोन घेतला की रडाय लागती. म्या जाऊन सांगितलं की दोघी गप ऐकत्यात." खाली बसले, पाय लांब केला. "वैनी, गाड्या पळत्यात त्या रस्त्याला ओसरीवर कोण बसंल? जिथं रस्ता वाजत न्हाय, तिथंच म्हातारी माणसं बसल्याली असत्यात. सायकल दिसली की उठून उभी ऱ्हात्यात. लांबनंच."

मी वही उचलून परत पिशवीत घातली. तर म्हणतात, "हितं बी उठायची. पत्र असायचं तवा."

"आणि आम्ही इथं कोण आहोत?" मला संतापच आला. "रोज दोन वेळा ताट वाढून तुमची वाट बघते ती काय?"

"जेवाय वाट बघता, व्हय," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. ते होतं तसं सांगत होते. मी कनवटीची किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली.

दत्ता घरी आला तेव्हा सायकल अंगणात मोकळी उभी होती. तो माझ्यावर ओरडला. मी त्याच्या दुप्पट ओरडले. रोज संध्याकाळी फोन करायचा, हायवेला चाक लावायचं नाही आणि गुडघा दुखला की जिथं असाल तिथून एसटी धरायची, एवढ्यावर मिटलं. दत्तानं स्वतः चाकांत हवा भरली, तोंड फुगवूनच.

निघायच्या सकाळी मी त्यांना भाकरी बांधून दिली आणि म्हणाले, "त्या फणसाखालच्या बाईला सांगा, बहिणीशी खोटं बोलू नये. आणि एरंडाचं पान तव्यावर गरम करून गुडघ्याला बांध म्हणावं. मला गुण आलाय."

भावजींनी सायकल स्टँडवर लावली. पिशवीतून वही काढली, पेन काढलं, चष्मा लावला. माझं बोलणं शब्दाला शब्द लिहून घेतलं. मग म्हणाले, "पाठवणाऱ्याचं नाव?"

"कुणाचं?"

"पाठवणाऱ्याचं. पूर्ण."

पंचेचाळीस वर्षं ह्या माणसाला माझ्या हातची भाकरी आहे. मी नाव सांगितलं. गाव विचारलं, ते सांगितलं. तालुका विचारला तेव्हा मी खवळले. पण तोही सांगितला.