बोंबलाचा बाप

विम्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. रेवसला माझं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि होडी आपटली की लोक कंपनीच्या माणसाआधी माझ्याकडे येतात. त्यामुळे कुत्र्याचा विमा काढायचं ठरलं तेव्हा मी बायकोला सांगितलं, "हेतल, तुझा भात शिजेपर्यंत काम झालेलं असेल."

कुत्र्याचं नाव बोंबील. अंग लांबुळकं, रंग फिकट आणि धरायला गेलं की हातातून निसटणार. पिल्लू आम्हाला सोनूबाईंनी दिलं. त्या मासळी सुकवतात आणि एका बंगल्याची राखणही करतात. बंगलेवाले मुंबईला गेले ते गेलेच. त्यांची लॅब्रॅडोर कुत्री चांदणी मात्र सोनूबाईंकडे राहिली. बोंबील तिचाच.

लसीसाठी त्याला अलिबागला नेलं, तेव्हा डॉक्टर रुचिका म्हणाल्या, "लॅब्रॅडोरच्या रक्तात खुब्याच्या सांध्याचं दुखणं असू शकतं. सध्या हा छान आहे, पण पुढे ऑपरेशनची वेळ आली तर जड जाईल. विमा काढा, आणि त्यात जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन्ही शब्द आहेत ना ते बघा. जन्मजात म्हणजे जन्मतानाच असलेला दोष. आनुवंशिक म्हणजे आईबापाकडून आलेला, तो कधीकधी मोठेपणी डोकं वर काढतो. पुष्कळ पॉलिसींत बारीक अक्षरात हे वगळलेलं असतं. आणि लक्षणं दिसायच्या आत काढा. नंतर कोणी घेत नाही."

मी फोन घेऊन बसलो. पहिली कंपनी म्हणाली, सगळे आजार कव्हर. आनुवंशिकसुद्धा? ते सोडून सगळे. दुसरी जन्मजातला तयार होती. आनुवंशिक म्हटल्यावर तिने गाणं लावून दिलं. भात शिजला, जेवणं झाली, गाणं चालूच. तिसरी कंपनी मात्र दोन्हीला हो म्हणाली. फक्त फोनवरच्या मुलीने विचारलं, "सर, आईवडिलांपैकी कोणाला खुब्याचा त्रास?"

"माझ्या?"

"पेटच्या, सर."

"आई ठणठणीत आहे."

"आणि वडील?"

होडीच्या विम्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

मी तडक सोनूबाईंकडे गेलो. त्या मासळी वाळत घालत होत्या. म्हटलं, "मावशी, बोंबलाचा बाप कोण?"

त्यांनी हातातल्या बोंबलाकडे पाहिलं. "बोंबलाला बाप आसतो? दर्यानं दिला, आमी वाळत घातला."

"तो नव्हे हो. चांदणीचं पिल्लू."

"मना काय म्हाईत? मी काय तिच्यावर नजर ठेवून बसलेली? धक्क्यावर नुरुद्दीनला इचार. त्याच्या टपरीसमोरनं गेल्याबिगर वाडीत कोन शिरत न्हाय."

नुरुद्दीनचाचांनी आखातात उमर काढली, आता धक्क्यावर चहा विकतात. मी पोचलो तेव्हा लाँचची वेळ होती, टपरीवर गर्दी. चारचौघांत कुत्र्याच्या बापाची चौकशी करायला संकोच वाटला, म्हणून मी आवाज खाली घेतला. घोळ तिथेच झाला. कुत्र्याबद्दल कोणी कुजबुजत नाही.

"चाचा, एका पोराच्या बापाचा तपास लागत नाही. सोनूबाईंच्या घरचं पोर. सध्या माझ्याकडे आहे."

चाचांच्या हातातली किटली हवेतच राहिली. "तुझ्याकडं? हेतलला माहीत हाय?"

"तीच दूध पाजते."

"या अल्ला." चाचा बाकावर बसले. "आणि आई?"

"मावशींकडेच. तिला आता आठवणही नसेल त्याची."

"असं बोलू नको. आईचं दिल असतं."

"ते खरं, पण बाप कळल्याशिवाय पुढचं काही होत नाही. संध्याकाळचं तिकडे कोण येत होतं, तुम्ही पाहिलं असेल."

चाचांनी किटली खाली ठेवली. "पाहिलं असलं तरी सांगणार न्हाय. कुणाच्या लेकीच्या इज्जतीचा सवाल हाय."

मुक्या जनावराची एवढी कदर करणारा माणूस, असं मनात म्हणत मी चहा पिऊन घरी आलो.

चाचा तोंडाचे पक्के, पण बाकावरची माणसं नव्हती. सोनूबाईंच्या घरात मुलगी एकच, तुळशी. मांडव्याच्या हर्षदशी तिचा साखरपुडा झालेला. लाँच सुटायच्या आधी बातमी वाडीत पोचली, आणि उन्हं कलेपर्यंत मांडव्याला.

संध्याकाळी सोनूबाई, तुळशी आणि हर्षद, तिघंही माझ्या दारात उभी. तुळशीचे डोळे सुजलेले. हर्षदने चपला काढल्या आणि विचारलं, "पोर कुठाय?"

"आत झोपलंय."

"कुणाचं हाय?"

"तेच तर शोधतोय. तुझी काही मदत होते का बघ."

हर्षद एक पाऊल पुढे आला. तुळशी म्हणाली, "काका, मी तुमचं काय वाकडं केलंवतं? यांच्या घरून दुपारपासून फोन येतायत. लग्न राहू दे म्हणतात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुलासा करणार, तेवढ्यात बोंबील डुलत बाहेर आला, हर्षदची चप्पल तोंडात धरली आणि निघाला.

"आगो, ह्यो तर चांदनीचा," सोनूबाई म्हणाल्या आणि पायरीवर मटकन बसल्या. "दुपारधरनं बाया येतायत मना धीर द्याला. ह्याच्यापायी व्हय?"

मी हात जोडले. विमा, खुबा, फोनवरची मुलगी, सगळं सांगितलं. तुळशी हसेल असं वाटलं होतं. ती पदर तोंडाशी धरून पुन्हा रडली. हेतलने तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

हर्षद मात्र पिल्लाकडे टक लावून बघत होता. एक कान उभा, एक पडलेला, मागच्या पायाची बोटं पांढरी. "हा तर डिट्टो आमचा वाघ्या," तो बोलून गेला.

सोनूबाई पायरीवरून उठल्या. "तुमचा वाघ्या मांडव्याला. त्यो माज्या आंगनात कवा आला?"

हर्षदने तुळशीकडे पाहिलं. तुळशीने छपराकडे. "साखरपुड्याच्या आधी... एकदोनदा. तो नेहमी माझ्या मागं मागं येतो."

"आनि तू कुनाच्या मागं मागं आलावतास?"

हर्षद चप्पल शोधायला लागला. चाचांनी कोणाला पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

हर्षदने तिथूनच घरी फोन लावला आणि बोंबलाला कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडून त्याची आई इतकी हसली की फोन तुळशीच्या हातात द्यावा लागला. सोनूबाईंनी मात्र त्याच रात्री लग्नाची जवळची तारीख धरून ठेवली. वाघ्याला डॉक्टर रुचिकांनी तपासलं, खुबे दगडासारखे मजबूत निघाले. बोंबलाची पॉलिसी झाली, दोन्ही शब्दांसकट.

मी धक्क्यावर जाऊन, तो कुत्रा होता, असं मोठ्याने सांगून आलो. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं ती माणसं लाँचने केव्हाच पलीकडे गेली होती.

परवा हेतल लाँचने मुंबईला जाऊन आली. येताना एका अनोळखी बाईने उठून तिला बसायला जागा दिली. म्हणाली, "बाप तुमच्याच घरातला निघाला, तरी पोराला ठेवून घेतलंत. नवऱ्यालाबी पदरात घेतलंत. तुमच्यासारखं काळीज पायजे."

"अगं, मग सांगायचंस ना, कुत्रा आहे म्हणून," मी म्हटलं.

"अहो, लाँच भरलेली होती. उभं कोण राहणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पोराला ठेवलंय. नवऱ्याचा विचार चालू आहे."