परातीतलं पत्र

पहाटेची पाळी संपवून आनंदराव गजभिये दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सक्करदऱ्याच्या घरी पोचले. अंघोळ झाली, जेवण झालं, आणि त्यांनी बायकोकडे, कौसल्याबाईंकडे, कणीक मळायची परात मागितली.

"संध्याकाळी कणीक कशात मळू?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"संध्याकाळले अजून पाच तास हायेत," आनंदराव म्हणाले.

आनंदराव रेल्वेच्या डाकसेवेत सॉर्टर होते. टपालाचे ढीग गावोगावच्या खणांत लावायचे, हे काम. एकोणीस वर्षांत 'पत्ता वाचता येत नाही' असा शेरा त्यांनी एकाही पाकिटावर मारला नव्हता. डॉक्टरांचं अक्षर, सुनेनं रडत रडत लिहिलेलं अक्षर, धावत्या गाडीत लिहिलेलं अक्षर, सगळी अक्षरं शेवटी त्यांच्या टेबलावर येत आणि तिथून निमूट आपापल्या गावी जात. गजभिये घराण्यात लिहायला-वाचायला शिकलेला पहिला माणूस तेच. आणि ही गोष्ट ते स्वतःहून कधी सांगत नसत. कोणी विचारेपर्यंत थांबत.

छंद पोस्टाच्या तिकिटांचा. चार अल्बम भरले होते, पाचवा चालू होता. वस्तीतले लोक जुनी पाकिटं आणून देत आणि ती कोनाड्यातल्या टोपलीत पडत. घरात नियम होता, आणि तो आनंदरावांनीच घातला होता: तिकीट लावलेली कोणतीही वस्तू टोपलीत. तिकीट कात्रीनं कापायचं नाही, त्यानं कडेचे दाते तुटतात. अख्खं पाकीट पाण्यात भिजवायचं आणि तिकीट आपणहून सुटेपर्यंत वाट पाहायची.

त्यांनी टोपली परातीत उपडी केली. अकरा पाकिटं पाण्यात गेली. आनंदराव चिमटा हातात घेऊन शेजारी बसले. पाणी हळूहळू निळं झालं. दीड वाजेपर्यंत नऊ तिकिटं सुटली होती आणि एकाचाही दाता तुटला नव्हता. इतकी निवांत दुपार त्यांना महिन्याभरात मिळाली नव्हती.

एक पस्तीसला दारात हाक आली. "हायेस काय गा घरात?"

थोरले भाऊ धोंडबा होते. भिवापूरकडच्या गावाहून एसटीनं आले होते. एका खांद्यावर मिरच्यांचं गाठोडं, दुसऱ्यावर नवा दुपट्टा.

"जयभीम दादा! अचानक?"

"अचानक कसा? पत्र टाकलं नं म्या. चार दिवस झाले. म्हटलं, पोचलं का नाही, पाहून यावं."

"तू पत्र टाकलं? कोणाकडून लिहून घेतलं?"

धोंडबांनी गाठोडं खाली ठेवलं आणि उजवा हात पुढे करून दाखवला. "याच्याकडून. रात्रीच्या वर्गाले जाऊन राहिलो नं मी. पाच महिने झाले. चोपन्नाव्या वर्षी, लेका! आंगठा बंद."

"सकाळीच आलं जी पत्र," कौसल्याबाई आतून म्हणाल्या. "टोपलीत ठेवलं म्या. तिकीट होतं नं त्याच्यावर."

आनंदरावांनी परातीकडे पाहिलं.

"आणतो," असं म्हणून ते परात उचलून मागच्या अंगणात गेले. अकरा पाकिटांपैकी दहा रिकामी होती. अकराव्यात घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो टॉवेलात दाबला, अलगद उलगडला, उन्हाकडे धरला. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा होता. मात्र रंग थोडा निळसर झाला होता.

ते परत आले तेव्हा धोंडबांनी ओसरीवर शेजारचे ताराचंद शिंपी आणि समोरच्या पार्वतीबाई यांना बसवून घेतलं होतं.

"वाच गा मोठ्यानं," धोंडबा म्हणाले. "यायलेबी ऐकू दे."

खरं सांगायची वेळ हीच होती. पण धोंडबा मांडी घालून, पाठ ताठ करून, फोटो काढायला बसावं तसे बसले होते. ज्या माणसानं दुसऱ्याचे बैल राखून आपल्याला शाळेत पाठवलं, त्याचं पहिलं पत्र आपण परातीत धुतलं, हे आनंदरावांच्या तोंडून निघेना. त्यांनी कागद छातीजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"चिरंजीव आनंदरावास धोंडबाचा सप्रेम जयभीम. इकडे सर्व खुशाल. पाऊसपाणी बरं आहे. मिरची चांगली आली आहे..."

"काय भाषा हाये!" ताराचंद म्हणाले.

धोंडबांचे डोळे मोठे झाले. "पुढं?"

आनंदरावांना धीर आला. "तुला शाळेत घातलं तेव्हा लोक हसले. मी ऊन पाहिलं नाही, पाऊस पाहिला नाही. तुझ्या पाटीसाठी मी अनवाणी राहिलो. आज तू अख्ख्या मुलखाची पत्रं वाचतोस, तेव्हा माझं ऋण फिटलं..."

पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"थांब," धोंडबा म्हणाले. "आण इकडं थो कागद."

"ओला आहे, दादा. फाटेल."

"आण म्हंतो नं."

धोंडबांनी कागद घेतला. सरळ धरला, उलटा धरला, पाठीमागून पाहिला. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"दादा, चूक झाली," आनंदराव खाली पाहून म्हणाले. "तिकिटांबरोबर पाण्यात गेलं. शाई सगळी धुऊन गेली."

"शाई? याच्यावर शाई होतीच कुठं? कोराच टाकला होता म्या."

पार्वतीबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"गुरुजीनं पत्त्यापुरतंच शिकवलं अजून," धोंडबा सांगू लागले. "आतलं पुढच्या महिन्यात हाये. पत्त्यालेच तीन दिवस लागले मले. रिकामं पाकीट पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून कागद टाकला. पण तू एवढं वाचलं कुठून गा? आन मी असं लिहीन काय, आपल्याच तोंडानं आपला मोठेपणा?"

"ते मीच म्हणत होतो, दादा," आनंदराव म्हणाले.

धोंडबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पुसलं. मग विचारलं, "थे जाऊ दे. म्या तर पत्ताच वाचाले सांगितला होता. कसा होता थो? सक्करदऱ्यात दोन 'क' एकमेकाले चिकटवाचे होते, थे जमले काय?"

आनंदरावांनी अंगणातून पाकीट आणलं. त्यावर फक्त निळा डाग होता. "दादा, मी तिकीट पाहिलं. पत्ता पाहिलाच नाही."

एकोणीस वर्षांत न वाचलेला हा त्यांचा पहिला पत्ता. धोंडबांची ताठ पाठ थोडी वाकली.

"पोस्टमननं वाचला नं जी!" कौसल्याबाई पुढे आल्या. "रस्त्यातूनच हाक मारली, आनंदराव गजभिये, सक्करदरा! कोणाले विचारलं नाही, काही नाही."

"अडखळला नाही?"

"बिलकुल नाही."

"सांगा मंग!" धोंडबांची पाठ पुन्हा सरळ झाली. "पाकीट आण गा नवं. आन पेन."

तीन वाजून पाच मिनिटांनी धोंडबा लिहायला बसले. जोडाक्षराशी ते बराच वेळ थांबले, तेव्हा ताराचंदांनी श्वास रोखून धरला. पार्वतीबाईंचा चहा निवून गेला. तीन पन्नासला पेन खाली ठेवलं गेलं. आनंदराव पाकीट दोन्ही हातांनी घेऊन उभे राहिले आणि त्यांनी पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचला. मग आणखी एकदा वाचला. कुणी सांगितलं नव्हतं.

"आता हे ठेवतो मी जपून," ते म्हणाले.

"ठेवतो काय? तिकीट लाव आन डब्यात टाक. हातात द्याले लिहिलं काय म्या? पोस्टातून येऊ दे. मी राहतो दोन दिवस."

"बरं. पण आत काय लिहायचं ते सांग दादा, मी लिहून देतो."

धोंडबांनी पाकिटाला जीभ लावली आणि ते अंगठ्यानं दाबून बंद केलं.

"काही नोको. रिकामंच जाऊ दे. तुले येते वाचता."